प्लॅटिनमचे थोडेसे भंगार इंडक्शनवर आटवायचे आहे : मूस, कॉइल, मशीन याबद्दल सल्ला हवा

तापमापी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

भोसरीत माझे भट्ट्यांची इन्स्ट्रुमेंट्स दुरुस्त करायचे छोटे वर्कशॉप आहे. हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे एस आणि आर टाइपचे थर्मोकपल (भट्टीचे तापमान मोजायच्या प्लॅटिनमच्या तारांच्या जोड्या) असतात. ते खराब झाले की नवे बसवताना जुने माझ्याकडे वजावटीत येतात. त्यातल्या प्लॅटिनमच्या तारांचे तुकडे मी एका डबीत साठवत आलो आहे. आज वजन केले तर ३० ग्रॅमच्या आसपास भरले. बहुतेक तार ०.५ मिमी, थोडी ०.३५ मिमी. काही तुकड्यांना सिरॅमिकचे मणी चिकटलेले आहेत. शिवाय एका लॅबने मोडीत काढलेल्या प्लॅटिनमच्या मुशीचा फाटका काठ आहे, तो वेगळा ६ ग्रॅम.

सराफाकडे तुकडे नेले तर तो हात लावायला तयार नाही. "गोळी करून आणा, मग बघू," म्हणतो. म्हणून ५ ते १० ग्रॅमच्या गोळ्या करायचा विचार आहे.

माझ्याकडे ४८ व्होल्टवर चालणारे १००० वॅटचे झेडव्हीएस (कॉइलमध्ये उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडणारे साधे सर्किट) इंडक्शन मॉड्यूल आहे, सोबत आलेली ४० मिमीची कॉइल आहे, आणि पितळ आटवायला घेतलेली ग्राफाइटची मूस आहे. पितळेचे काम त्यावर छान होते. पण प्लॅटिनमचा वितळबिंदू १७६८ अंश, सोन्याचा १०६४. हा मधला सातशे अंशांचा फरक या सामानाने पार होईल का? मूस कोणती घ्यावी? टाकणखार (बोरॅक्स) घालायचा का? ज्यांनी हाताने केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

हुपरीवाला | सोमवार, रात्री १०:१५

आमच्याकडे चांदी रोज इंडक्शनच्या मशीनवरच आटते. ग्राफाइटची मूस, वरून चिमूटभर टाकणखार, मळी बाजूला झाली की रेज्यात (लगडीच्या साच्यात) ओतायचे. प्लॅटिनमला मशीन मोठे लागेल एवढाच फरक असावा असे मला वाटते. जाणकारांनी सांगावे, मलाही शिकायचे आहे.

---

धातुकण | मंगळवार, सकाळी ७:०५

हुपरीवाला, चांदीसाठी तुमची पद्धत अगदी बरोबर आहे. प्लॅटिनमसाठी मात्र त्यातल्या दोन्ही गोष्टी, ग्राफाइट आणि टाकणखार, सोडून द्याव्या लागतात. मी धातुशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी ग्राफाइट. सोने आणि चांदी कार्बनला जवळजवळ विरघळवून घेत नाहीत, म्हणून त्यांना ग्राफाइट चालते. वितळलेले प्लॅटिनम कार्बन विरघळवून घेते. दोघांचे मिश्रण १७३८ अंशालाच वितळते, म्हणजे शुद्ध प्लॅटिनमपेक्षा तीस अंश आधी. तापमापी, हा बिंदू इतका नेमका आहे की उच्च तापमानाचे थर्मोकपल कॅलिब्रेट करायला तो वापरतात, तुमच्या क्षेत्रात तुम्ही ऐकलाही असेल. तेव्हा ग्राफाइटच्या मुशीत प्लॅटिनम थोडे लवकर वितळलेले दिसते आणि माणसाला वाटते की जमले. थंड होताना तोच कार्बन धातूच्या आत पुन्हा ग्राफाइट होऊन बाहेर पडतो. गोळी आतून सच्छिद्र आणि ठिसूळ होते.

दुसरा शत्रू सिलिकॉन, आणि तो जास्त कपटी आहे. वाळू किंवा क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाच. ऑक्सिजन भरपूर असताना तो प्लॅटिनमला त्रास देत नाही. पण जवळ कार्बन असेल, हायड्रोजन असेल, धुरकट ज्योत असेल, तर या तापमानाला सिलिकामधला ऑक्सिजन निघून जातो आणि सुटलेला सिलिकॉन थेट प्लॅटिनममध्ये शिरतो. प्लॅटिनम आणि सिलिकॉनचे मिश्रण साधारण ८३० अंशाला वितळते. म्हणजे पूर्ण गोळीत किंचितसा सिलिकॉन असला तरी तो कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. गोळी लालभडक तापवून हातोडा मारला की ती त्या सीमांवर फुटते. फॉस्फरस तर याहून वाईट, तिथे मिश्रण ५८८ अंशालाच पातळ होते. शिसे, कथील, जस्त, अँटिमनी, आर्सेनिक, बिस्मथ हीदेखील त्याच माळेतली. सोल्डरचा एक थेंब अख्खी गोळी वाया घालवतो.

टाकणखाराचे काम काय असते? तांब्यासारख्या धातूचा ऑक्साइड विरघळवून बाजूला करणे. प्लॅटिनमवर असा ऑक्साइडचा थरच बसत नाही, तेव्हा टाकणखाराला तिथे काम नाही. उलट तो मुशीची भिंत खातो, आणि वातावरण ऑक्सिजनला भुकेले असेल तर त्यातला बोरॉनही धातूत जातो. अजिबात घालू नका.

आता तुमच्या डबीबद्दल. एस टाइपच्या थर्मोकपलमध्ये एक तार शुद्ध प्लॅटिनमची आणि दुसरी १० टक्के रोडियमची असते. आर टाइपमध्ये दुसरी १३ टक्क्यांची. या तारा एकत्र आटवल्या की मधलेच कुठलेतरी प्रमाण तयार होते, जे कोणालाच नको असते. रोडियम बऱ्याचदा प्लॅटिनमपेक्षा महाग राहिले आहे. २०२१ मध्ये तर ते प्लॅटिनमच्या कितीतरी पट भावाला होते. तारा वेगळ्या करणे कठीण नाही. वापरून मऊ झालेली शुद्ध प्लॅटिनमची तार बोटाने सहज वाकते आणि वाकलेलीच राहते. रोडियमची तार ताठ असते, उसळी घेते. शंका राहिली तर एक माहीत असलेली तार जोडून मेणबत्तीवर जोड तापवा आणि मल्टिमीटरवर मिलिव्होल्ट बघा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लॅबच्या मुशीचा काठ तिसऱ्या डबीत ठेवा. एक्सआरएफच्या (क्ष-किरणांनी घटक तपासायच्या) कामाच्या मुशी पुष्कळदा ९५ टक्के प्लॅटिनम आणि ५ टक्के सोन्याच्या असतात, म्हणजे वितळलेला काचेचा गोळा त्यांना चिकटत नाही.

---

हुपरीवाला | मंगळवार, सकाळी ८:३०

सर, मनापासून आभार. ग्राफाइटचे हे कारण मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या मशीनवर कोणी प्लॅटिनमची अंगठी घेऊन आले तर आता मी सरळ नाही म्हणेन.

---

अनुनाद | मंगळवार, दुपारी १:२०

धातूची बाजू वर उत्तम आली आहे. मी विजेची बाजू सांगतो.

तापमापी, मॉड्यूल लहान पडेल का हा प्रश्न सगळेच पहिला विचारतात. हिशेब करून बघा. १० ग्रॅम प्लॅटिनम खोलीच्या तापमानापासून वितळेपर्यंत न्यायला आणि वितळवायला मिळून ३.७ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. एक किलोवॅट पूर्णपणे धातूत गेला असता तर चार सेकंदांत काम झाले असते. तो जात नाही, ही खरी अडचण आहे. आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे तारेची जाडी. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागाजवळच वाहतो. तुमच्या मॉड्यूलवर ०.३३ मायक्रोफॅरॅडचे सहा कपॅसिटर असतील तर एकूण १.९८ मायक्रोफॅरॅड झाले. कॉइल १.२ मायक्रोहेन्रीची धरली तर वारंवारता येते साधारण १०३ किलोहर्ट्झ. या वारंवारतेला थंड प्लॅटिनममध्ये प्रवाहाची खोली अर्धा मिमी असते. धातू तापला की त्याचा रोध पाच-सहा पट वाढतो आणि ही खोली सव्वा मिमीच्या आसपास जाते. कार्यक्षमपणे तापायला तुकडा या खोलीच्या किमान तीन-चार पट जाड हवा. तुमची तार ०.५ मिमी. भोवरा प्रवाहाला, म्हणजे कॉइलमुळे धातूत गोल फिरणाऱ्या प्रवाहाला, तिच्यात फिरायला जागाच नाही. तारांचा सैल पुंजका मुशीत टाकला तर प्रत्येक तार एकटी पडते, आणि कॉइलला मुशीत काही आहे हे जवळजवळ कळतही नाही.

उपाय सोपा आहे. तारा आटवण्याआधी दाबून घट्ट गोळी करा. ८ ते १० मिमी व्यासाची कडक पोलादी डाय (दाबायचा साचा) आणि हायड्रॉलिक प्रेस भोसरीत कोणाच्याही टूलरूमला मिळेल. ५ ग्रॅम प्लॅटिनम वितळल्यावर साडेसात मिमीचा मणी होतो, १० ग्रॅमचा साडेनऊ मिमीचा. दाबलेली गोळी याच्या जवळपास असली की प्रवाहाला पूर्ण वळसा मिळतो.

दुसरे कारण कॉइलचा व्यास. ४० मिमीच्या कॉइलमध्ये ९ मिमीची गोळी ठेवली तर आडव्या छेदाचा जेमतेम पाच टक्के भाग भरतो. बाकीचे चुंबकीय क्षेत्र मोकळ्या हवेतून फिरते आणि शक्ती कॉइलच्याच तांब्यात आणि मॉसफेटमध्ये (मॉड्यूलमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये) उष्णता होऊन जाते. २० मिमी बाहेरचा व्यास असलेली छोटी मूस घेतली आणि तिच्यावर २४ मिमी आतला व्यास असलेली, ६ मिमी तांब्याच्या नळीची तीन-चार वेढ्यांची कॉइल केली, तर हेच प्रमाण चौदा टक्क्यांवर जाते. फरक डोळ्यांना दिसेल इतका पडतो. नळीतून पाणी वाहते ठेवणे सक्तीचे आहे.

हे करून झेडव्हीएसवर १७६८ गाठता येईल का? ५ ग्रॅमच्या दाबलेल्या गोळीला, चांगल्या इन्सुलेशनमध्ये, काठावर. मी यावर भरवसा ठेवणार नाही. त्या तापमानाला काळा पृष्ठभाग प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे ९८ वॅट नुसते उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुशीचे तोंड उघडे राहिले तर तुमची निम्मी कमाई तिथूनच जाते. म्हणून झाकण हवे. कायम हेच काम करायचे असेल तर सोनारांकडे असते तसे काही किलोवॅटचे आयजीबीटी (जास्त शक्तीचे इलेक्ट्रॉनिक स्विच असलेले) मशीन भाड्याने किंवा तासाच्या हिशेबाने वापरा.

झेडव्हीएस चालवणारच असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सप्लायचा व्होल्टेज हळूहळू वर आला तर ऑसिलेशन सुरू होत नाही, दोन्ही मॉसफेट एकदम चालू राहतात आणि जळतात. आधी सप्लाय पूर्ण ४८ व्होल्टवर येऊ द्या, मग मधल्या डीसी काँटॅक्टरने मॉड्यूल जोडा.

---

तापमापी | मंगळवार, सायंकाळी ६:५०

धातुकण सर, अनुनाद, दोघांचेही खूप आभार. डबी उघडून तारा वेगळ्या करायला सुरुवात केली आहे. ताठ आणि मऊ हा फरक खरोखर हाताला कळतो.

एक शंका. ग्राफाइट धातूला लागू द्यायचे नाही हे समजले. पण ग्राफाइटची कडी बाहेर, तिच्या आत सिरॅमिकची मूस, मुशीत प्लॅटिनम, असे केले तर? ग्राफाइट इंडक्शनवर भराभर तापते, म्हणजे कॉइल आणि गोळीच्या मापाचा प्रश्नच मिटतो.

---

धातुकण | मंगळवार, रात्री ८:१०

कल्पना चांगली आहे आणि मोठ्या भट्ट्यांमध्ये आर्गन या निष्क्रिय वायूखाली ती वापरलीही जाते. उघड्या हवेत मात्र तापलेले ग्राफाइट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. विषारी तर तो आहेच, शिवाय मुशीभोवती नेमके तेच वातावरण तयार होते जे सिलिकामधून सिलिकॉन सोडवते. मूस झिर्कोनियाची किंवा शुद्ध अल्युमिनाची असेल, आसपास सिलिकाचा अंश नसेल आणि आर्गन चालू असेल, तरच याचा विचार करा. मुलाइट किंवा साध्या अग्निमातीची मूस यात ठेवू नका, त्यांच्यात सिलिका भरपूर असतो.

मण्यांचे आधी बघा. पक्कडीने हलकेच फोडून काढता येतात. डायमध्ये दाबलेल्या गोळीवर लोखंडाचा अंश चढतो, तो कोमट पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात जातो. प्लॅटिनमला त्या आम्लाने काही होत नाही. नंतर पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. त्याच भांड्यात नायट्रिक आम्ल कधीही येऊ देऊ नका, दोन्ही मिळून अम्लराज होते आणि तुमचे प्लॅटिनम पाण्यात जाते.

---

साचेवाली | मंगळवार, रात्री ११:००

मी मुंबईत सीप्झमध्ये (निर्यात उद्योगांच्या वसाहतीत) दागिन्यांच्या कास्टिंगचे काम बघते. प्लॅटिनम आमच्याकडे नेहमीचे आहे, म्हणून मुशींबद्दल अनुभवाचे सांगते.

फ्यूज्ड सिलिकाची मूस आमच्याकडे खूप चालते. वर धातुकण सरांनी सिलिकाबद्दल जे लिहिले ते खरे आहे, पण आम्ही तिथे कार्बन जवळ येऊ देत नाही आणि काम काही सेकंदांत संपवतो. या मुशीचा मोठा गुण म्हणजे एकदम तापली तरी तडकत नाही. तोटा असा की प्लॅटिनमच्या तापमानाला ती मऊ पडायला लागते, त्यामुळे थोड्याच वापरात फेकावी लागते. जास्त वेळ धातू त्यात ठेवायचा नाही.

झिर्कोनिया २७०० अंशापर्यंत टिकतो आणि प्लॅटिनमला दूषित करत नाही. पण तो धक्का सोसत नाही. गोळी आतून पेटते, बाहेरची भिंत थंड असते, आणि मूस उभी चिरते. मशीनची शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवायची, मूस लाल झाल्यावर थोडे थांबायचे, मग पुढे. बाहेरून अल्युमिनाच्या पावडरीत ती रोवून ठेवली तर चिरली तरी धातू कॉइलपर्यंत जात नाही. शुद्ध अल्युमिनाचा वितळबिंदू २०७२ अंश आहे, तुमच्या शुद्ध तारांना तो पुरेल. रोडियमच्या तारा १८५० च्या पुढे वितळतात, त्यांना मी झिर्कोनियाच देईन.

ओतायच्या भानगडीत पडू नका, ही माझी कळकळीची विनंती. दहा ग्रॅमचा थेंब मुशीतून निघून साच्यात पोचेपर्यंत गोठतो. आम्ही सेंट्रिफ्यूज किंवा व्हॅक्यूमने ओततो ते याचसाठी. तुम्हाला गोळीच हवी आहे, तर ती मुशीतच गोठू द्या. प्लॅटिनमचा पृष्ठताण जास्त असल्याने ते आपोआप गोल मणी होऊन बसते.

वितळले कधी हे स्वस्तातल्या तापमापक पिस्तुलाला कळणार नाही, त्याची मजल तिथवर नसतेच. डोळ्यांनी बघायचे, पण १० नंबरच्या किंवा त्याहून गडद वेल्डिंग काचेतून. उघड्या डोळ्याने त्या उजेडाकडे बघितले तर डोळा कायमचा अधू होऊ शकतो. काचेतून आधी गोळीचे कोपरे बोथट होताना दिसतात, मग ती खाली बसते आणि एकाएकी आरशासारखी गोल होते. मशीन बंद केल्यावर मणी काळवंडत जातो आणि गोठायच्या क्षणी पुन्हा लखकन उजळतो. तो उजेड दिसला म्हणजे आतपर्यंत सगळे वितळले होते.

आणि ज्यांच्याकडे दागिन्यांचा कीस आहे त्यांच्यासाठी. कानशीचा आणि पॉलिशचा कीस थेट आटवू नका. त्यात करवतीच्या पात्याचे पोलाद असते, आणि ग्राइंडिंगच्या चाकातले सिलिकॉन कार्बाइड असते. म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन दोन्ही एकाच कणात. चुंबकाने पोलाद काढतात, पण प्लॅटिनम-कोबाल्टचा मिश्रधातू स्वतःच किंचित चुंबकाला ओढला जातो, त्यामुळे चुंबकाला लागलेले सगळे फेकू नका. कीस आम्ही रिफायनरीलाच देतो.

---

गलाईवाला | बुधवार, सकाळी ६:२०

राम राम मंडळी. मूळ गाव विट्याजवळ, सध्या कोईमतूरला गलाईचे दुकान. खानापूर-आटपाडी भागातली आमची माणसे भारतभर सोने गाळायच्या धंद्यात आहेत, तुम्ही कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफकट्ट्यावर गेलात तर एखादा सांगलीकडचा गलाईवाला भेटेलच.

आमच्याकडे प्लॅटिनम मुद्दाम कोणी आणत नाही, ते मोडीतून येते. गिऱ्हाईक पांढरे सोने म्हणून देते आणि त्यात प्लॅटिनमची अंगठी निघते. सोन्याच्या मुशीत ती टाकली तर तळाला तशीच पडून राहते, कडेने थोडी सोन्यात मुरते. म्हणून मोड घेतानाच हातात तोलून बघायची सवय लावली पाहिजे. प्लॅटिनमची घनता २१.४५, पांढऱ्या सोन्याची त्याहून बरीच कमी. पाण्यातले वजन घेतले की दोन मिनिटांत कळते.

तेजाबाबद्दल एक सांगतो, कारण नवे पोर इथे फसते. प्लॅटिनम एकट्या नायट्रिक तेजाबात विरघळत नाही, हे सगळ्यांना पाठ असते. पण आपण सोने शुद्ध करताना त्यात तिप्पट चांदी घालून आटवतो, आणि अशा भरपूर चांदीत मिसळलेले प्लॅटिनम चांदीबरोबर थोडे थोडे तेजाबात उतरते. मग ते चांदीच्या पाण्यात जाते आणि आपण सोन्यात शोधत बसतो. गिऱ्हाइकाचा माल असेल तर हा हिशेब द्यावा लागतो. म्हणून प्लॅटिनम दिसले की ते आटणीच्या आधीच बाजूला काढायचे.

तापमापी भाऊ, तुमचा माल तर मोडीपेक्षा फार चांगला आहे. कुठल्या तारेत काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ती माहिती आटवल्यावर जाते. माझा सल्ला असा, की तारा आटवूच नका. तीन पिशव्या करा, वर काय आहे ते लिहा, आणि रिफायनरीला तशाच दाखवा. आटवलेली गोळी बघून घेणारा पहिला प्रश्न विचारतो, यात काय काय घातले?

---

अनुनाद | बुधवार, सकाळी ९:४५

गलाईवाला दादांशी मी पूर्ण सहमत. गोळी करायचे कारण फक्त सराफ असेल, तर सराफ या मालाचा योग्य घेणारा नाहीच. नवी मुंबईत हिंदुस्थान प्लॅटिनमसारख्या या धातूंवरच काम करणाऱ्या कंपन्या आहेत. किमान किती माल घेतात, नमुना कसा काढतात, रोडियमचे पैसे वेगळे देतात का, हे आधी फोनवर विचारून घ्या. बिल आणि वजावटीचे कागद जवळ ठेवा, माल कुठून आला हे कोणीही विचारणारच.

---

मापनवेडा | बुधवार, सकाळी ११:३०

थोडे विषयाला जोडून. १८५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सेंत-क्लेर देविल आणि देब्रे यांनी चुन्याच्या ठोकळ्यांची भट्टी करून ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीवर प्लॅटिनम वितळवले, तेव्हा कुठे हा धातू मोठ्या प्रमाणात ओतता येऊ लागला. त्याआधी वॉलस्टनच्या पद्धतीने प्लॅटिनमची पूड दाबून, तापवून, घडवून एकसंध करत. अनुनाद यांनी वर सांगितलेली आधी दाबून गोळी करायची युक्ती त्याच घराण्यातली आहे. चुन्यात कार्बन नाही, सिलिकाही नाही, हे किती नेमके निवडले होते बघा. पुढे ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियमच्या मिश्रधातूतून किलोग्रॅमची प्रमाण वजने झाली. भारताचे वजन क्रमांक ५७, ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ ला किलोग्रॅमची व्याख्या बदलेपर्यंत साऱ्या जगाचे वजन या मिश्रधातूच्या एका ठोकळ्यावर टेकलेले होते.

---

तापमापी | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. गलाईवाला दादा, तुमचे म्हणणे पटले. रोडियमच्या तारा आणि मुशीचा काठ आटवणार नाही, पिशवीत तसेच राहतील. मात्र शुद्ध प्लॅटिनमच्या तारांमध्ये एक-दोन सेंटिमीटरचे फार बारीक तुकडे आहेत. ०.५ मिमीच्या तारेचा एक मीटर म्हणजे ४.२ ग्रॅम, यावरून तुकड्यांची संख्या लक्षात येईल. ते सांडतात, हरवतात. तेवढ्यांची तरी एक गोळी करावी असे मनात आहे. आयजीबीटी मशीन जवळपास कोणाकडे नाही. आर्गन वेल्डिंगचा सेट मात्र शेजारच्या गाळ्यातच आहे. त्यावर जमेल का?

---

झोतकरी | बुधवार, रात्री १०:०५

जमेल, आणि ५ ते १० ग्रॅमसाठी मला स्वतःला तीच पद्धत इंडक्शनपेक्षा जास्त भरवशाची वाटते. मी चाकणला आर्गनचे काम करतो.

तांब्याचा जाड ठोकळा घ्या, निदान २५ मिमी जाडीचा. वर बॉलनोज कटरने उथळ वाटी करा आणि ती चकचकीत घासा. शक्य असेल तर ठोकळ्याला खालून पाण्याची नळी द्या. तांबे उष्णता इतक्या वेगाने ओढून घेते की वर प्लॅटिनम वितळलेले असताना खालचे तांबे घन राहते. मुशीचाच प्रश्न उरत नाही. कार्बन नाही, सिलिका नाही.

तारा सैल ठेवू नका, झोताने उडून जातात. अनुनाद म्हणतात तशी दाबलेली गोळीच ठेवा. डीसी, टॉर्च निगेटिव्हला, टंगस्टन नवे आणि टोक काढलेले. आर्क गोळीच्या मध्यावरच सुरू करा, तांब्यावर कधीही नाही, नाहीतर तांबे वितळून प्लॅटिनममध्ये जाते. करंट कमीवरून सुरू करून हळूहळू वाढवा. टंगस्टन धातूला टेकू देऊ नका. वरची बाजू वितळून गोल झाली की आर्क बंद करा, पण गोळी काळी पडेपर्यंत आर्गन चालू ठेवा. मग गोळी उलटी करून दुसरी बाजू वितळवा. तांब्याला टेकलेला भाग पहिल्या खेपेला पूर्ण वितळत नाही, म्हणून उलटणे गरजेचे आहे.

---

साचेवाली | बुधवार, रात्री १०:४०

झोतकरी दादांची पद्धत उत्तम. माझी फक्त सुरक्षेची भर. इंडक्शनवर काम करणार असाल तर हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा, कॉइलजवळ ती तापतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी मशीनच्या आसपास थांबू नये. कॉइलच्या नळीला गळती असेल आणि वितळलेला धातू पाण्यावर पडला तर वाफेचा स्फोट होतो, म्हणून पाण्याचा प्रवाह थांबला की मशीन आपोआप बंद होईल असा स्विच लावा. जुन्या फाउंटन पेनच्या निबांची टोके कोणी आटवायला दिली तर घेऊ नका. त्यात ऑस्मियम असू शकते आणि तापल्यावर त्याचा ऑक्साइड डोळ्यांना आणि फुप्फुसांना फार घातक असतो. गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे भंगारही घरी फोडू नका. त्यातले प्लॅटिनम सिरॅमिकवर पातळ पसरलेले असते, वितळवून ते हाती लागत नाही आणि धूळ छातीत जाते.

---

धातुकण | गुरुवार, सकाळी ७:३०

गोळी झाली की तिची परीक्षा घरच्या घरी अशी करा. आधी ऐरणीवर थंड असतानाच हलक्या हाताने ठोका. शुद्ध प्लॅटिनम चपटे होत जाते, कडेला चिरा पडत नाहीत. मग तीच चकती स्वच्छ, ऑक्सिजन जास्त असलेल्या ज्योतीवर नारिंगी होईपर्यंत तापवा आणि गरम असतानाच पुन्हा ठोका. थंड असताना नीट चपटी झाली पण गरम असताना चिरली, तर आत सिलिकॉन किंवा फॉस्फरससारखे काहीतरी गेले आहे. ती पुन्हा आटवून सुधारत नाही, रिफायनरीला द्यावी लागते. दोन्ही वेळा चपटी झाली तर चकतीवर वजन आणि "एस, आर टाइपची शुद्ध तार" असे खोदून ठेवा.

एक्सआरएफवर तपासायला नेलीत तर ती तपासणी फक्त पृष्ठभागाची असते हे ध्यानात घ्या. कडेचा एक भाग कापून ताजा छेद दाखवा. तांब्याच्या ठोकळ्यावर केलेल्या गोळीच्या बुडाला तांब्याचा अंश दिसला तर तेवढा भाग घासून, पुन्हा हायड्रोक्लोरिकमध्ये धुऊन परत तपासा.

---

तापमापी | गुरुवार, रात्री ८:२०

डाय उद्या मिळते आहे, तांब्याचा ठोकळा झोतकरी दादांनी सांगितला तसा शेजारच्या गाळ्यात मशीनवर लावला आहे. शनिवारी शटर अर्धे ओढून, १० नंबरची काच लावून, फक्त बारीक तुकड्यांची एकच गोळी करतो. गरम ठोकण्याच्या परीक्षेचा निकाल इथेच लिहीन.

---

गलाईवाला | गुरुवार, रात्री ९:००

दाबायच्या आधी आणि आटल्यावर, दोन्ही वजने तीन दशांशांपर्यंत घ्या भाऊ. घट कागदावर दिसली की रिफायनरीशी बोलताना तुमची बाजू पक्की राहते.